हा तोच ना, तो!

"थांब, थांब, थांब!" असं म्हणत मी रिमोट उचलला, की बायकोला कळतं, आता पुढची दहा मिनिटं खून होणार नाही. म्हणजे पडद्यावर. घरातलं सांगता येत नाही.

"हा बघ. दिल्लीच्या तुरुंगात बसलाय तो, रशियन हेर कार्ला. ओळखलंस?"

"एक अक्षर तरी बोललाय का तो? कसा ओळखणार?"

"तेच तर! अगं, हा पॅट्रिक स्टुअर्ट. 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय', १९७९. आणि तीनच वर्षं आधी 'आय, क्लॉडियस'मध्ये हाच सेजेनस. डोक्यावर कुरळे केस होते म्हणून तुझ्या लक्षात आलं नाही."

"माझ्या लक्षात आलं नाही कारण मी गोष्ट बघत होते."

माझ्या अंगी दुसरी कला नाही. गाता येत नाही, पोहता येत नाही, भाजी घासाघीस करून घेता येत नाही. पण १९६७ ते १९९५ या काळात ब्रिटिश टीव्हीवर ज्याने एकदा तरी चहाचा ट्रे आणून ठेवला असेल, त्याला मी ओळखतो. १९६७च्या 'फोर्साइट सागा'तला खडूस सोम्स, १९८४च्या 'ज्युएल इन द क्राउन'मधला डोळ्यावर पट्टी बांधलेला काउंट ब्रोनोव्स्की आणि १९८५ मध्ये होम्सबरोबर धबधब्यात कोसळलेला मोरियार्टी हे तिघेही एरिक पोर्टर आहेत, हे मला झोपेतून उठवून विचारा. जॉन थॉ १९८७ साली 'साइन ऑफ फोर'मध्ये लाकडी पायाचा गुन्हेगार झाला आणि त्याच वर्षी मोर्स होऊन गुन्हेगार पकडायला लागला. डेव्हिड सुशे पॉइरो होण्याआधी १९८५ मध्ये इन्स्पेक्टर जॅप होता, पीटर युस्टिनॉव्हच्या पॉइरोच्या हाताखाली. अशी बढती सरकारी नोकरीतही मिळत नाही.

या विद्येचा एक तोटा आहे. रहस्यकथेत ज्या पाहुण्या नटाला मी ओळखतो, तोच खुनी निघतो. एवढ्या मोठ्या माणसाला तीन वाक्यांसाठी कोण बोलावणार? हा सिद्धान्त मी पाचव्या मिनिटाला जाहीर करतो. त्यावर बायको म्हणते, "मग मी पुढे बघू कशाला?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

तेच तेच चेहरे का दिसतात, यालाही कारण आहे. १९८२च्या नोव्हेंबरात चौथी वाहिनी आली, तोवर ब्रिटनचा सगळा संसार तीन वाहिन्यांत चालला होता. नटही बरेचसे रेपर्टरी थिएटरांत घडलेले, म्हणजे आपल्या नाटक कंपन्यांसारखा मामला: या आठवड्यात राजा, पुढच्या आठवड्यात राजाचा हुजऱ्या. पैशांचं म्हणाल, तर 'आय, क्लॉडियस'चं अख्खं रोम स्टुडिओत मावलं. खेळांच्या आखाड्यातली गर्दी नुसती ऐकू येते. दिसत कुणीच नाही. पण जे दहा-बारा जण दिसतात ते असे, की गर्दीची आठवणही होत नाही.

आणि या सगळ्यांत माझा देव म्हणजे बर्नार्ड हेप्टन. (बायको इथे उठून स्वयंपाकघरात जाते. तुम्ही बसा.) चेहरा असा, की बँकेत याच्यामागे रांगेत उभे राहिलात तर बाहेर पडेपर्यंत विसराल. १९७२ ते ७४ 'कोल्डिट्झ'मध्ये हा जर्मन तुरुंगाचा प्रमुख. पळू पाहणाऱ्या ब्रिटिश कैद्यांना कोंडून ठेवायचं हे काम. १९७७ ते ७९ 'सीक्रेट आर्मी'त हा ब्रसेल्सचा कॅफेवाला; पाडलेल्या विमानांतल्या वैमानिकांना जर्मनांच्या नाकाखालून पळवून लावायचं हे काम. आधी कोंडले तेवढे नंतर सोडून दिले, हिशेब चुकता. मधल्या वेळात क्लॉडियसच्या दरबारी पॅलस. 'टिंकर टेलर'मध्ये ब्रिटिश हेरखात्यातला मूळचा हंगेरियन टोबी एस्टरहेझ, बोलणं अगदी साहेबी. आणि १९८२च्या 'स्माइलीज पीपल'मध्ये तोच टोबी चित्रं विकायला बसलाय, अन् बोलण्यात हंगेरियन हेल परत आलाय! नोकरी सुटली की माणसाला गावची भाषा आठवते, हे हेप्टनने न सांगता सांगितलं. त्याच वर्षीच्या 'गांधी'त तो लष्करी अधिकारी आहे. म्हणजे मला आणि माझ्या अख्ख्या वर्गाला शाळेने रांगेत नेऊन हेप्टन दाखवला होता, आणि आम्ही डॉ. लागूंचे गोखले आणि मध्यंतरातला वडा एवढंच बघून आलो. २०१८ साली तो गेला. त्या दिवशी मी घरात सुतक असल्यासारखा वावरत होतो. "कोण गेलं?" बायकोने घाबरून विचारलं. मी सांगितलं. ती कुकर लावायला गेली.

तर असा मी. गेल्या महिन्यात ठाणे स्टेशनवर मागून कुणीतरी हाक मारली. चौकड्यांचा शर्ट, हातात पिशवी, बरोबर शाळेच्या गणवेशातली मुलगी. "काय साहेब, आज इकडं?" मी हसलो. लग्नघरात अनोळखी नातेवाइकांसाठी ठेवणीतलं असतं, ते हसू. डोक्यात यंत्र गरगरलं: जुनं ऑफिस? कॉलेज? सासरवाडी?

"अय्या, मामा!" बायको म्हणाली. "ही धाकटी ना? यंदा दहावी ना हिची?"

आमच्या सोसायटीचे वॉचमन. अकरा वर्षं सकाळ-संध्याकाळ माझ्यासाठी गेट उघडणारा माणूस. अंगावरचा निळा शर्ट आणि डोक्यावरची टोपी नव्हती, बास, एवढंच. पॅट्रिक स्टुअर्टच्या डोक्यावर चढवलेले केस मला तीन सेकंदांत कळतात. मामांच्या डोक्यावरून उतरलेली टोपी नाही कळली.

"कपडे वेगळे ना, म्हणून..." मी पुटपुटलो.

"मी तर तुम्हाला पाठीमागनंच वळखलं," मामा म्हणाले. "चालीवरनं."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. लोकलमध्ये मी सगळ्या वाटेत एकही नाव घेतलं नाही. मामांचं घ्यावं म्हटलं, तर ते मला ठाऊकच नव्हतं.

त्या रात्री पुन्हा 'आय, क्लॉडियस' लावलं. बायको मेथी निवडत होती. मी रिमोट मुद्दाम लांब ठेवला होता.

"हा डाउन्टनचा डॉक्टर," ती म्हणाली. मान वर न करता.

"कोण?"

"आत्ता बोलला तो."

पडद्यावर जर्मानिकस उभा होता, ऐन तारुण्यातला रोमन सेनापती. "शक्यच नाही," म्हणत मी फोन काढला. जर्मानिकस, १९७६: डेव्हिड रॉब. 'डाउन्टन ॲबी'तले पिकल्या केसांचे डॉक्टर क्लार्कसन, २०१०: डेव्हिड रॉब. मध्ये चौतीस वर्षं.

"कसं ओळखलंस?"

"आवाज तोच आहे की. लावा आता पुढे."

मी पुढे लावलं. जर्मानिकस बिचारा विषप्रयोगाने मेला. पण हा पुढे डॉक्टर होणार आहे हे ठाऊक असल्यामुळे फारसं वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात चहाच्या वेळी मी हा शोध सनावळीसकट सगळ्यांना सांगितला. कुणी लावला, एवढंच सांगायचं राहून गेलं.