वरणात काटे नाहीत

कन्येला सहा महिने पूर्ण झाले आणि आमच्या घरातली सगळी भांडी एका रात्रीत विषारी झाली.

तोवर आम्ही त्याच ताटांत जेवत होतो, जिवंत होतो, वजनही वाढवत होतो. पण उष्टावणाची तारीख ठरली, ती बायकोच्या मोबाइलला कोणी कळवली कोण जाणे, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्यावर हत्तीच्या, अस्वलाच्या आणि इंद्रधनुष्याच्या आकाराच्या ताटल्या दिसू लागल्या. प्रत्येकीवर एक हिरवं पान आणि त्याखाली ‘नॉन-टॉक्सिक’. म्हणजे बिनविषारी. हे विशेषण मी आजवर फक्त सापांना लावलेलं ऐकलं होतं.

मुलाच्या नावाने काही विकायचं असेल तर गुण सांगत बसायचं नसतं, फक्त काय नाही ते सांगायचं. ही ताटली छान आहे असं म्हटलं तर बाप भाव करतो. हिच्यात विष नाही असं म्हटलं की बाप पाकीट काढतो. मी काढलं. एक हत्ती, अठराशे नव्व्याण्णव.

त्याच संकेतस्थळावर एक स्टीलची वाटी होती, तिच्यावरही ‘बीपीए-फ्री’ असा शिक्का. आता बीपीए, म्हणजे बिस्फेनॉल ए, हे पॉलिकार्बोनेट नावाचं कडक, पारदर्शक प्लास्टिक बनवताना लागणारं रसायन. शरीरात जाऊन ते हार्मोनची नक्कल करतं म्हणून युरोपने २०११ मध्ये ते बाळांच्या बाटल्यांतून हाकललं, २०१२ मध्ये अमेरिकेने, आणि मग आपल्या मानक ब्युरोनेही. चांगलंच झालं. पण स्टीलमध्ये ते होतंच कधी? वरणाच्या पातेल्यावर ‘यात काटे नाहीत’ अशी चिठ्ठी लावण्यातला हा प्रकार. गंमत म्हणजे जिथे ते खरोखर होतं, तिथे बऱ्याच ठिकाणी त्याच्या जागी बीपीएस आलं. सख्खा चुलतभाऊ. चेहरा तोच, सवयीही साधारण त्याच, फक्त शिक्क्यावर नाव नाही.

बाटलीचा आपल्याकडचा कायदा तर मला फारच आवडतो. १९९२ चा आहे, २००३ मध्ये आणखी कडक केलेला. भारतात दूध पाजायच्या बाटलीची जाहिरात करायची नाही, तिच्यावर सूट द्यायची नाही, ती कोणाच्या गळ्यात भेट म्हणून मारायची नाही, आणि मानक ब्युरोची खूण नसलेली बाटली विकायची नाही. हेतू असा की आईच्या दुधाला कंपनीने स्पर्धक उभा करू नये. त्यामुळे बाटली बिचारी गप्प बसते. तिचा ब्रश, तिचा उबदार झगा, तिला वाफ देणारं यंत्र आणि तिला वाळत घालायचं प्लास्टिकचं गवत मात्र दिवसभर बोलत असतं. नवरदेवाला तोंड उघडायची बंदी, वरातीला बँडची परवानगी.

मग बांबू. बांबूची ताटली दिसली की शहरातला माणूस आतून कोकणात जाऊन येतो. यातल्या बऱ्याच ताटल्या म्हणजे मेलामाइन, हॉटेलात डोशाखाली असतं तेच, त्यात बांबूची भुकटी मिसळलेली. युरोपीय आयोगाने २०२१ मध्ये या ताटल्यांविरुद्ध मोहीमच काढली, कारण या भुकटीमुळे प्लास्टिक लवकर झिजतं आणि मेलामाइन व फॉर्मल्डिहाइड अन्नात जास्त उतरतात. गरम आणि आंबट पदार्थ असेल तर आणखी. आता मराठी बाळाच्या ताटात काय पडतं? वाफाळता मऊभात, त्यावर तूप आणि वर पिळलेलं लिंबू. परीक्षकांनी मुद्दाम ठरवून केलेली चाचणीच म्हणा ना.

एवढ्यात आई आली. पिशवीतून तिने पितळेची वाटी काढली आणि हत्तीशेजारी ठेवली.

“हे बघ, यात जेवलास तू. झालं काही?”

“आई, कल्हई गेली आहे हिची.”

“मग कल्हई लावून आण. नाहीतर ताक कळकेल तिच्यात.”

कळकणे! मी पंधरा दिवस जे इंग्रजीत वाचत होतो, सूक्ष्म प्रमाण, धातूंचं उतरणं, आम्लता, तापमान, ते सगळं या एका क्रियापदात बसलेलं होतं. पितळेच्या किंवा तांब्याच्या उघड्या भांड्यात दही, ताक, चिंच, कोकम राहिलं की तांबं अन्नात उतरतं, चव फिरते, हिरवट कड येते. ते कळकलं. फेकून द्या. या एका शब्दाच्या जोरावर आपल्या आज्यांनी प्रयोगशाळा न काढता शेकडो वर्षं स्वयंपाकघर चालवलं.

एवढ्यावर मी आजीपुराण लावलं तर तुम्ही पेपर मिटाल, आणि बरोबर कराल. कारण आज्यांच्या जिभेला तांबं कळत होतं, शिसं कळत नव्हतं. शिशाला चव नाही. असलीच तर गोडसर, ते आणखी वाईट. कल्हईच्या कथलात शिसं मिसळलेलं असेल तर वाटी चांदीसारखी चकाकते, ताक अजिबात कळकत नाही आणि मूल मात्र हळूहळू मंद होत जातं. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांनी २०२० मध्ये अहवाल दिला. त्यातल्या अंदाजाप्रमाणे भारतात सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात शिसं काळजी करण्याइतकं आहे. ते काय एकट्या ताटलीतून आलेलं नाही. भट्टीत वितळवलेल्या जुन्या बॅटऱ्या, भिंतीचा रंग, भेसळीचे मसाले, आणि हो, भांडीसुद्धा. आपल्या लाडक्या हिंडालियमच्या आणि पितळेच्या काही आयात भांड्यांतून शिसं उतरतं, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये दिला. तिकडे गेलेल्या लेकीच्या बॅगेत आपण प्रेमाने काय काय कोंबतो, ते आठवून पाहा.

हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, “मग चांदीची आण.” उष्टावणाला चांदीची वाटी मामाने द्यायची. मामाने चांदीचा भाव पाहिला आणि त्याला अचानक स्टील या धातूबद्दल अपार आदर वाटू लागला.

शेवटी आम्ही रविवार पेठेत गेलो. तिथे भांडी अजून काट्यावर तोलून मिळतात आणि दुकानदार भावनेला हात घालत नाही. “तीनशे चार हवं की साधं?” एवढाच प्रश्न. तीनशे चार म्हणजे सुमारे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. साधं म्हणजे बहुतेक वेळा दोनशे दोन, ज्यात महाग निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं आणि जे लवकर डागाळतं. शेजारचं एक गिऱ्हाईक खिशातलं लोहचुंबक वाटीला लावून बघत होतं. चिकटलं नाही, गृहस्थ खूश. दोनशे दोनलाही लोहचुंबक चिकटत नाही हे त्यांना सांगावंसं वाटलं, पण माणसाचा आनंद का हिरावा? वाटीखाली आयएसआयची खूण बघा म्हणजे झालं. स्टीलच्या भांड्यांना ती बंधनकारक करणारा आदेश केंद्राने २०२४ मध्ये काढलेला आहे. कायद्याला ही खूण कळते. हिरवं पान कोणीही छापतं.

दोन वाट्या, एक ताटली, एक चमचा. हत्तीच्या सोंडेएवढ्या पैशात आटोपलं.

आता फर्निचर. साडेपाचशे चौरस फुटांत बाळाची वेगळी खोली मांडायची तर आम्ही दोघांनी जिन्यात राहायला हवं. तरीही ‘माँटेसोरी टेबल’ आमच्या दारापर्यंत पोहोचलंच. साडेसात हजार. उंची वीतभर जास्त असलेला चौरंग होता तो. कोपरे गोल केलेले आणि त्या गोलाईचे वेगळे पैसे. खुद्द माँटेसोरीबाई १९३९ मध्ये भारतात आल्या आणि पुढची काही वर्षं इथेच राहिल्या. पण त्यांची साधनं खेड्यातल्या पोरांना परवडणार नाहीत, हे ओळखून ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला शंख-शिंपले, दगड, बिया असल्या फुकटच्या गोष्टींवर बालवाडी उभी केली. पद्मभूषण मिळालं, दुकान मात्र काढता आलं नाही. शिंपल्यावर ‘नॉन-टॉक्सिक’ छापायचं त्यांना सुचलं असतं तर!

मी चौरंगच घेतला, जुना. मुलांचं स्वस्त फर्निचर हवं असेल तर जुनं घ्यावं, यात एक बिनपैशाचा फायदा आहे. नव्या प्लायवुडच्या आणि भुशाच्या फळीच्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड सुटतं, नव्या कपाटाचा तो वास. तो काळ जातो तसा कमी होतो. म्हणजे जुन्या कपाटाचं बरंचसं विष आधीच्या मालकाने मोफत ओढून घेतलेलं असतं. फक्त रंगवलेलं जुनं घेऊ नका. घरगुती रंगात दहा लाखांत ९० भागांहून जास्त शिसं नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या पाळण्याला हौसेने पॉलिशपेपर मारणारा बाप घरभर नेमकी शिशाचीच भुकटी उडवतो.

आणि या साऱ्या यादीत सगळ्यात विषारी वस्तू निघाली ती आमचं खणांचं कपाट. बिनरंगाचं, बिनवासाचं. मूल रांगायला लागलं की खण शिडीसारखे ओढतं आणि कपाट अंगावर येतं. अमेरिकेत मुलं दगावल्यावर आयकिया कंपनीला २०१६ मध्ये सुमारे २ कोटी ९० लाख खणांची कपाटं परत बोलवावी लागली. उपाय काय, तर कपाट भिंतीला पकडणारी एक लोखंडी पट्टी आणि दोन स्क्रू. चाळीस रुपये. याची जाहिरात मला मोबाइलवर एकदाही आली नाही.

घरमालक म्हणाले, भिंतीला भोक नाही. मी म्हणालो, काका, मुलीच्या डोक्याला नको म्हणून भिंतीला. तासभर हुज्जत घालून दोन भोकं मंजूर झाली. ड्रिल सुरू होताच खालच्या मजल्यावरचे काका वर आले. दुपारची झोप मोडली होती. त्यांना पट्टी दाखवली, कारण सांगितलं, ते मान हलवत गेले.

उष्टावण झालं. मामाने स्टीलच्या वाटीतून खीर भरवली, वाटीवर यंत्राने घर्रर्र करून नाव आणि तारीख घातलेली. हत्ती एका रविवारी टेबलाला असा चिकटला की कन्येने ओढल्यावर हत्ती तिथेच राहिला आणि वरचा भात उडून पंख्यावर गेला. त्यामुळे आता वाटीच. ती जेवताना वाटी फरशीवर आपटते, जेवून झाल्यावर आपटते, पहाटे साडेपाचला उठून आधी वाटी मागते आणि आपटते. तीनशे चारचा आवाज फार स्वच्छ येतो.

काल खालचे काका पुन्हा वर आले होते. दारातच उभे राहून त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं, “तुमच्याकडे म्हणे हत्ती आहे एक. रबरासारखा. तो का नाही वापरत?”