आरएसवर मत कसं बाळगावं : सोयगाव तालुक्यापुरती मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका ज्यांच्याकडे स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस नाही त्यांच्यासाठी आहे. ज्यांच्याकडे आहे त्यांना मतं बाळगायला सवड नसते. ते टायरवाल्याशी घासाघीस करत बसलेले असतात. शिवाय असे लोक आहेतच किती? २०२० साली कंपनीने अख्ख्या देशासाठी २०० गाड्या आणल्या आणि २०२५ साली १००. त्यातली एक जरी सोयगावात शिरली असती, तर बसस्टँडपासून शेंदुर्णी रस्त्यापर्यंत बातमी तिच्या आधी पोचली असती. तशी ती पोचलेली नाही. म्हणजे तालुक्यातले आपण सगळे पात्र.

आधी वस्तू समजून घ्या. ऑक्टाव्हिया ही घरगुती गाडी. बँकेतले साहेब, डॉक्टर, जिनिंगवाले शेठ यांनी घ्यावी अशी. आरएस हे तिचंच दांडगं रूप. दारं तीच, डिकी तीच, मागे मुलांना बसायची जागा तीच. पण इंजिन तापट, सस्पेन्शन कडक, गाडी जमिनीला जरा जास्तच लगटून बसवलेली, आणि डिकीवर एक फळी. धोतर नेसून भाजी आणायला निघालेल्या मास्तरांनी आतून लंगोट कसलेला असावा, तसा प्रकार. शौकिनांचा जीव नेमका ह्या लंगोटात अडकलेला आहे.

आता हक्काचा मुद्दा. पुण्या-मुंबईचा कुणी म्हणालाच, की सोयगावकरांना यातलं काय कळतं, तर त्याला शांतपणे सांगायचं की बाबा रे, ही गाडी आमच्या जिल्ह्यातली. शेंद्र्याच्या एमआयडीसीत, जालना रोडवर, २००१ पासून ऑक्टाव्हिया जुळत होती. सुटे भाग चेक देशातून यायचे आणि आपली पोरं ते बसवायची. सोयगाव ते शेंद्रा शंभर-सव्वाशे किलोमीटर, पण जिल्हा एकच. तहसील कचेरीला हे चालतं तर चहाच्या टपरीवर का चालू नये? हवं तर २०१०चाही दाखला द्या. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात जिल्ह्याच्या गावी मंडळींनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज उचलल्या, सुमारे ६५ कोटींच्या. मोंढ्यात घाऊक माल घेतात तशा. मात्र हा दाखला जपून वापरा. अस्सल शौकीन मर्सिडीजवाल्याला आपल्यात धरत नाही. स्टिअरिंग ड्रायव्हरच्या हातात असतं, मग मालकाला मत येणार कुठून?

जिल्ह्याच्या नात्याने आणखी एक साक्षीदार प्रत्येक गावात सापडतो: शेंद्र्याला कामाला असलेला किंवा कधीकाळी असलेला कुणाचा तरी भाचा. नव्याकोऱ्या गाड्या लाइनवरून यार्डात नेऊन लावायचं काम त्याने केलेलं असतं. म्हणजे टपरीवर बसलेल्या बारा जणांत आरएस प्रत्यक्ष चालवलेला हा एकटाच. त्याला टॉर्कबद्दल विचारू नका. आम्ही विचारलं होतं. तो म्हणाला, ‘‘एसी लई भारी आहे, मामा.’’ अशा माणसाला चहा पाजावा आणि विषय बदलावा. अनुभवामुळे मताचं फार नुकसान होतं.

यापुढे पाठांतर. आकडे तोंडपाठ नसतील तर मताला टपरीवर कुणी विचारत नाही. आर आणि एस म्हणजे रॅली स्पोर्ट. ही अक्षरं स्कोडाने १९७४ साली १८० आणि २०० या रॅलीच्या गाड्यांना पहिल्यांदा लावली, मग १३० आरएसने १९७७ साली मॉन्टे कार्लोच्या रॅलीत आपल्या गटात पहिला नंबर काढला. हे सगळं एका दमात म्हणता आलं पाहिजे, चहाचा घोट न घेता. भारतात आरएस आली २००४ साली: १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल, १५० घोडे, हाताचे गिअर. २०११ साली लॉरा आरएस, म्हणजे नाव बदललेली ऑक्टाव्हियाच, १६० घोडे. २०१७ साली २ लिटर, २३० घोडे, शून्य ते शंभर ६.८ सेकंदांत, किंमत शोरूमबाहेर पडण्याआधीच २४ लाख ६२ हजार. २०२०ची २४५ घोड्यांची, ३६ लाखांच्या घरातली; आणि २०२५ची २६५ घोड्यांची, ५० लाखांना एक हजार कमी. शेवटच्या दोन्ही शेंद्र्यात जुळलेल्या नाहीत, तयार होऊन जहाजाने आल्या. हे वाक्य म्हणताना आवाज थोडा खाली आणायचा.

आकडे पाठ झाले की सिद्धान्त, आणि सिद्धान्त एकच आहे: खरी आरएस म्हणजे आत्ता आलेली सोडून त्याच्या आधीची. हा सिद्धान्त वीस वर्षांत एकदाही चुकलेला नाही. २००४ साली जाणकार कुरकुरले की युरोपात १८० घोडे देतात आणि आपल्याला १५०वर भागवतात. २०११ साली तेच जाणकार लॉराला नाकं मुरडत म्हणाले, तिकडे २०० घोडे, इकडे नुसतं बिल्ल्याचं काम. ती २००४ची होती ती खरी. २०१७ साली २३० घोडे आले तर हाताचे गिअर गेले, दोन क्लचची डीएसजी तेवढी उरली. मग लगेच आठवलं, की लॉरात सहा गिअर हाताने टाकता यायचे. काय गाडी होती! २०२० साली २०१७ची खरी ठरली, कारण ती आपल्याकडे जुळली होती आणि स्वस्त होती. आता २०२५ची आलीच आहे, तेव्हा २०२०चीही पुण्याई वाढू लागली असेल. नवशिक्याने घाबरू नये. सन कुठलाही असो, एक पायरी मागे जायचं आणि सुस्कारा सोडायचा.

डीएसजीवरून आठवलं. ‘‘ड्राय क्लच का वेट क्लच?’’ हा प्रश्न कधी ना कधी येणारच. उत्तर असं: साध्या १.८ पेट्रोलवालीत सात गिअरची ड्राय क्लच होती आणि २०१७च्या आरएसमध्ये सहा गिअरची वेट क्लच, म्हणजे तेलात बुडालेली. तेलामुळे ती गर्दीत कमी तापते आणि जास्त जोर झेलते. एवढं सांगितलंत की समोरचा मान डोलावतो. एकदा मात्र आमच्याकडे समोरचा ट्रॅक्टर दुरुस्तीवाला निघाला. तो म्हणाला, तेलातला क्लच तर आमच्या ट्रॅक्टरच्या ब्रेकसारखाच झाला, त्यात काय मोठं? त्याचं म्हणणं खोडणं आम्हाला जमलं नाही. आपणही प्रयत्न करू नये.

आता प्रात्यक्षिक, म्हणजे गाडीवाचून रस्ता. ६.८ सेकंदांत शंभरचा वेग गाठायला साधारण शंभर मीटर रस्ता खातो. तेवढा सरळ, मोकळा, बकरीविरहित तुकडा तालुक्यात कुठे आहे याची यादी मनात ठेवा. यादी छोटी आहे. मध्ये गतिरोधक आला की हिशेब पहिल्यापासून. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गतिरोधक दहा सेंटीमीटर उंच आणि पावणेचार मीटर रुंद असावा असं आहे, म्हणजे चढ-उतार सौम्य. गावच्या गतिरोधकाची उंची वेगळ्या मापाने ठरते. ज्या दिवशी तो घातला त्या दिवशी लोक किती चिडले होते, त्यावर. कुणाची कोंबडी गेली असेल तर मोटारसायकल तरी चढते. वासराला धक्का लागला असेल, तर आरएसवाल्याने मागच्या सगळ्यांना खाली उतरवून गाडी तिरकी घालावी. उतरलेल्यांत सासूबाई असतील तर त्या गाडीचं पुढचं आयुष्य वेगळं होतं.

स्टिअरिंगबद्दल बोलायचं तर हळद्याचा घाट. उंडणगावाकडून हळद्यावरून उतरताना वेताळवाडीचा किल्ला बाजूला घेऊन रस्ता वळतो आणि खाली सोयगाव दिसू लागतं. ‘‘गाडी कळायची तर घाटातच’’ हे वाक्य इथे उभं राहून म्हणायला फार शोभतं. तुम्ही हा घाट एसटीतूनच उतरला आहात, हे सांगायची गरज नाही. पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरचे हात बघितले असतील तर तेही वळणाचंच शिक्षण झालं. दिवाळीनंतर मात्र घाटावर मतं मांडू नका. कापसाच्या ट्रॉल्या निघतात, दोन्ही बाजूंनी फुगलेल्या, अख्खा रस्ता पोटाखाली घेऊन. ताशी पंधराने चाललेल्या त्या पांढऱ्या डोंगरामागे २६५ घोडे काय करतात? तेच, जे त्याच ट्रॉलीमागे बैलगाडीवाला करतो. तो निदान तंबाखू मळतो.

वेगासाठी समृद्धी महामार्ग आहे, असं कुणीतरी म्हणेल. आहेच. सोयगावहून फर्दापूर, अजिंठ्याचा घाट, सिल्लोड, फुलंब्री करत सावंगीपर्यंत गेलं की समृद्धी लागतो. तिथे कारला मर्यादा १२० आणि आरएस पळते २५०. उरलेले १३० मताच्या खात्यावर जमा करावेत.

पुढचं प्रकरण घरचं, आणि खरी परीक्षा तिथेच. टपरीवर गाडी स्पोर्टी असते. घराच्या उंबऱ्यात ती फॅमिली झाली पाहिजे. उंबऱ्यावर आबा बसलेले असतात आणि आबांचा प्रश्न जगाच्या आरंभापासून एकच आहे: ‘‘लिटरला किती देते?’’ इथे भलेभले शौकीन गारद झाले. रूढ उत्तर आहे, ‘‘ते पायावर आहे.’’ म्हणजे पाय जितका दाबाल तितकं कमी. आमच्या ओळखीत एकाने हेच उत्तर दिलं. आबा म्हणाले, ‘‘पाय तर तुझाच ना?’’ संभाषण तिथेच मिटलं, आणि मुलाने पुढच्या महिन्यात सीएनजीची गाडी बघितली.

म्हणून आबांना सामोरं जाताना इंजिनाचं नावच काढू नये. डिकीपासून सुरुवात करावी. ऑक्टाव्हियाची डिकी सहाशे लिटरच्या आसपास, आणि काचेसकट अख्खं मागचं दार वर उचललं जातं. यावरून शौकिनांत भांडण आहे, की मग हिला सेडान म्हणायचं की लिफ्टबॅक? सोयगावात हे भांडण व्यर्थ. इथला वाद वेगळा: सहाशे लिटरात कापूस किती बसेल? आमच्या टपरीवर या प्रश्नावर एक पूर्ण संध्याकाळ गेली. अर्धे म्हणाले पाऊण क्विंटल, अर्धे म्हणाले नाही, आणि शेवटी ठरलं की आत उभं राहून तुडवणारा कोण आहे त्यावर ते आहे. माझ्या मते आरएसविषयी या देशात झालेल्या चर्चांत ही सर्वांत उपयोगाची होती. आबाही पहिल्यांदाच पुढे सरकून बसले.

फळीचा खुलासा आधीच तयार ठेवा. आत्याबाई विचारणार, ‘‘ही फळी कशाला?’’ वाऱ्याने गाडी खाली दाबायला, असं सांगाल तर त्या म्हणतील, ‘‘मग खिडक्या लाव की.’’ वाद घालू नका. मुलांचे डबे ठेवायला, म्हणा.

राहिला सुधारणांचा भाग. शौकीन मंडळी लॅपटॉप लावून इंजिनाचा मेंदू बदलतात; त्याला रीमॅप म्हणतात, आणि पहिल्या पायरीलाच २३०चे तीनशेच्या आसपास घोडे झाल्याचं छातीठोकपणे सांगतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ नोंदीत असे फेरफार करू देत नाही, हे लक्षात असू द्या. मताला हे कलम लागू नाही. त्यापेक्षा सोपी सुधारणा रेडियमच्या दुकानात होते. आमच्या गल्लीतल्या एकाने जुन्या डिझेल डिझायरवर आरएस लिहून घ्यायचं ठरवलं. रेडियमवाल्याने अक्षरं कापता कापता विचारलं, ‘‘नावाची का, दादा? वर गणपती टाकू?’’ गणपती टाकला. त्या गाडीला तेव्हापासून खरंच काही झालेलं नाही.

एप्रिल २०२३ पासून शेंद्र्यात साधी ऑक्टाव्हियाही बनत नाही. एसीची तारीफ करणारा तो भाचा आता सोयगाव–शेंदुर्णी काळीपिवळी चालवतो, नऊच्या जागी चौदा बसवून, आणि लिटरला किती देते हे त्याला दशांशापर्यंत ठाऊक आहे.

शेवटी एक विनंती. फर्दापूर, बनोटी, शेंदुर्णी, कुठेही लाल आरएस दिसली तर कृपया टपरीवर निरोप द्या. नंबर टिपू नका, मालकाला थांबवू नका. मागची फळी आहे ना, एवढंच बघा. मत तयार आहे. गाडी बघायची राहिली आहे.