मालक कसं होऊ नये: बिडीच्या धंद्यात नव्यानं उतरणाऱ्यांसाठी

भंडारा जिल्ह्यात धंदा काढतो म्हटलं की सल्ले देणाऱ्यांना तोटा नसतो. कुणी म्हणतं राईस मिल टाका, कुणी म्हणतं तुमसरला धानाची अडत सुरू करा. पितळी भांड्यांचं नाव मात्र आता फारसं कुणी काढत नाही, गावाच्या नावात भांडी वाजत असली तरी. या सगळ्या धंद्यांत एक मोठी खोट आहे: त्यांत माणूस मालक होतो. मिलवर पाटी लागते, पाटीवर नाव येतं, आणि नाव आलं की निरीक्षक, युनियनवाले आणि गणपतीच्या वर्गणीवाले दार विचारत येतात. बिडीचं तसं नाही. बंडलावर तुमचा छाप असेल, त्या छापावर लाखो बिड्या खपतील, आणि तरीही त्या वळणारी एकही बाई तुमची नसेल. हे साधायला थोडा अभ्यास लागतो. तो पुढं दिला आहे.

साहित्य

तेंदूची पानं, तंबाखू, सूत आणि एक सट्टेदार.

पानांची काळजी नको. मे महिन्यात, ऊन चढायच्या आत, गावंच्या गावं जंगलात जाऊन ती तोडतात, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून देतात. तंबाखू बाहेरून येतो. सूत बाजारात मिळतं. सट्टेदार मात्र पारखून घ्यावा. तो गावातलाच असावा, त्याचं घर वळणाऱ्या बायकांच्या घरांपासून हाकेच्या अंतरावर असावं, आणि त्याच्या डोक्यावरचं कर्ज तुमचं असावं. तुम्ही त्याला पत्ता, म्हणजे पानं, आणि तंबाखू देता, तो घरोघरी वाटतो. बाई मांडीवर सूप घेते, फर्मा ठेवून कैचीनं पान कापते, चिमूटभर तंबाखू भरते, वळते, नखानं तोंड दुमडते आणि सुताचा वेढा देते. असं हजार वेळा केल्यावर तिची मजुरी हिशेबाला लागते. संध्याकाळी सट्टेदार बिड्यांचे कट्टे मोजून घेतो.

या सगळ्यात तुम्ही कुठं आलात? कुठंच नाही. पहिला धडा संपला.

थोडा इतिहास (तुमचा वकील विचारील म्हणून)

भंडारा ज्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता, तिथल्या विधिमंडळानं १९४८ साली एक कायदा केला. शेतीच्या हंगामात, डेप्युटी कमिशनर सांगतील त्या गावांत, बिडी करायची नाही. कारण उघड होतं. ऐन रोवण्याच्या दिवसांत बांधीत उतरायला माणूस मिळेना. सावलीत बसून बिडी वळता येत असेल तर चिखलात कमरेतून वाकून परे कोण लावील? सागर जिल्ह्यात असा हुकूम निघाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. राज्यघटना तेव्हा वर्षाचीही झाली नव्हती. नोव्हेंबर १९५० मध्ये न्यायालयानं ती बंदी रद्द केली. गावात म्हाताऱ्या बाया असतात, अपंग असतात, पोरं असतात, ज्यांच्याच्यानं शेतीचं काम होत नाही. त्यांची भाकरी का तोडता, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. म्हणणं खरंच होतं. नवशिक्यानं ते पाठ करून ठेवावं, कारण पुढं पंचाहत्तर वर्षं या धंद्याचा प्रत्येक बचाव त्याच म्हातारीला पुढं करून झाला आहे.

खटल्याचं नाव चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य. आठ वर्षांनी, १९५८ साली, याच नावाचा दुसरा निकाल आला, आणि तो तुमच्या कामाचा. कारखाने-निरीक्षकाला कारखान्यात काही सट्टेदार दिसले. हजेरीपटावर त्यांची नावं नाहीत म्हणून त्यानं मालकावर खटला भरला. न्यायालय म्हणालं, सट्टेदार हा स्वतंत्र ठेकेदार आहे, तो कामगार नव्हे. ज्या दिवशी हा निकाल लागला त्या दिवसापासून सट्टेदाराची किंमत वाढली. तोवर तो तंबाखूचं पोतं उचलणारा गडी होता. आता तो भिंत झाला.

पुढच्या दोन-तीन वर्षांत मात्र घोळ झाला. नागपूरच्या एका बिडी कारखान्यातल्या मजुरांनी भरपगारी रजा मागितली. मालक म्हणाले, हे लोक मनात येईल तेव्हा येतात, मनात येईल तेव्हा जातात, हे कसले कामगार? न्यायालयानं पाहिलं की दुपार उलटल्यावर आलेल्याला काम मिळत नाही, आठ दिवस गैरहजर राहिलं की नाव कटतं, आणि वाईट बिडी परत फेकली जाते. म्हणजे कामगारच. लगेच पाठोपाठ महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका खटल्यात बहुमतानं उलटा निकाल लागला: येण्याजाण्याची मोकळीक आहे, कामावर देखरेख नाही, तेव्हा तो कामगार नाही. या दोन निकालांतून नवशिक्यानं एवढंच शिकायचं की मजूर छपराखाली आणू नये. छप्पर आलं की वेळ येते, वेळ आली की हजेरी येते. तेव्हा कारखाना मोडा आणि पत्ता घरी पाठवा. बहुतेकांनी तेच केलं. मग १९६६ साली संसदेनं बिडी आणि सिगार कामगारांचा खास कायदा करून घरी चालणारी बिडीची कामंही त्यात ओढली, आणि १९७४ साली न्यायालयानं तो कायदा उचलून धरला. छाप ज्याचा, जबाबदारी त्याची, ठेकेदार मध्ये असला तरी. बिडीवाल्यांच्या घरी त्या दिवशी चूल उशिरा पेटली असेल.

छाट

हा धडा लांब आहे. इथंच नवशिके सापडतात.

संध्याकाळी बाई कट्टे घेऊन येते. माल तपासणारा मुनशी एक कट्टा उचलतो, हातावर आपटतो, दोन बोटांत दाबतो. एखादी बिडी सैल, एखादी आखूड, एखादीचं पान काळं. ती तो बाजूला काढतो. याला छाट म्हणतात. छाटीचे पैसे मिळत नाहीत, आणि गेलेला पत्ता-तंबाखू बाईच्या नावावर बसतो, तो वेगळा. कामगारांच्या वर्तनावर तुम्ही व्याख्यान द्यायला उभे राहिलात तर तुम्हाला सांगावं लागेल की कामगार प्रामाणिक हवा, मोजमापात चोख हवा, दिलेल्या मालाचा हिशेब देणारा हवा. बाई हे सगळं करते. ती पत्ता तोलून घेते, बिड्या मोजून देते. तिच्या बाजूनं एक बिडी कमी पडली तर कट्टा परत येतो. या साखळीत सगळ्यात कडक लेखापरीक्षण होतं ते मांडीवरच्या सुपाचं.

"काहून जी भाऊ, पत्ताच फाटका देल्ला, मंग बिडी कशी होईन?"

या प्रश्नाला उत्तर देऊ नये. उत्तर दिलं की पत्ता कुणी निवडला, कुठून आला, त्याला पाणी कुणी मारलं, हे सगळं बाहेर निघतं. मुनशीनं फक्त मान हलवावी आणि पुढचा कट्टा उचलावा. बाई दुसऱ्या दिवशी पदरच्या पैशांनी बाजारातून पत्ता घेते आणि संख्या भरून काढते. तुमचा माल कमी पडला आणि तिनं तो विकत घेऊन तुम्हालाच परत दिला. असा व्यवहार दुसऱ्या धंद्यात शोधून सापडणार नाही.

महाराष्ट्राच्या नियमांत छाटीवर मर्यादा होती: साधारणपणे शंभरात पाचाच्या वर बिड्या फेकू नयेत, आणि बाईनं मुद्दाम निष्काळजीपणा केला नसेल तर फेकलेल्या बिडीचीही निम्मी मजुरी द्यावी. नियम चांगला आहे. भिंतीवर लावायला हरकत नाही. 'साधारणपणे' या शब्दावर बोट ठेवून उभं राहिलं की पुष्कळ काम होतं. आणि फेकलेली बिडी पेटत नाही थोडीच. तिचं पुढं काय होतं हे मुनशीला विचारू नका, म्हणजे तुम्हाला ते माहीत नव्हतं असं राहील.

आता धोका सांगतो. १९७७ साली भविष्यनिर्वाह निधी बिडीला लागू झाला. कारखानदार न्यायालयात म्हणाले, घरात बसून, पोराला मांडीवर घेऊन, हवं तेव्हा बिडी वळणारी बाई आमची नोकर कशी? तिच्यावर आमचा मुकादम नाही, आमचं घड्याळ नाही. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं उत्तर दिलं, आणि ते वाचताना माझ्यासारख्या बाहेरच्या माणसालाही वाटतं की न्यायमूर्ती एकदा तरी संध्याकाळी सट्टेदाराच्या ओट्यावर बसून आले असावेत. देखरेख म्हणजे डोक्यावर उभं राहणंच नव्हे. बिडी नाकारण्याचा हक्क ज्याच्या हातात आहे त्याचंच नियंत्रण. गावोगावी फाटे फुटत गेलेला मालक शेवटी सापडला तो छाटीच्या ढिगात. घरी बसणाऱ्या बायकांना निधी लागू झाला.

तेव्हा छाट स्वतःच्या हातानं कधी काढू नये. सट्टेदाराला काढू द्यावी.

धोक्याची दुसरी सूचना सहकाराची. कामठीचे बाबू हरदास, ज्यांच्यामुळं 'जय भीम' हा नमस्कार रूढ झाला असं सांगतात, त्यांनी बिडी मजुरांची संघटना बांधली आणि ठेकेदाराला वगळून सहकारी तत्त्वावर बिडीची कामंही काढून पाहिली. १९३७ साली ते आमदार झाले आणि १९३९ च्या जानेवारीत क्षयानं गेले, वय जेमतेम पस्तीस. मधला माणूस काढला तरी बिडी वळली जाते, हे त्यांनी दाखवलं होतं. तुमच्या गावात कुणाला ते आठवत असेल तर विषय बदला.

पोरं

१९८६ च्या बालकामगार कायद्यात बिडी हे पोरांना बंद केलेल्या कामांत पहिल्या ओळींतच होतं. पण घरच्यांच्या मदतीनं चालणाऱ्या कामाला त्यात सूट होती. घर कुणाचं आहे हे तुम्हाला आठवत असेलच. २०१६ च्या दुरुस्तीनं पळवाट अरुंद केली. सूत बांधायला छोटी बोटं चांगली, हे वाक्य तोंडातून काढू नका.

नावं

एकाच ओसरीवर चार फर्मच्या पाट्या असू शकतात. हातानं केलेल्या बिडीला वर्षाला २० लाख बिड्यांपर्यंत अबकारी माफ असे, तेव्हा तर हे शास्त्र पूर्णत्वाला पोचलं होतं: थोरल्या भावाची फर्म, धाकट्याची, वहिनीची आणि देवाची.

जबाबदार व्यवसाय

हल्ली याला मागणी आहे. २०१९ साली केंद्र सरकारनं जबाबदार व्यवसायाची नऊ तत्त्वं जाहीर केली. त्यातलं तिसरं म्हणतं की धंद्यानं आपल्या सगळ्या कामगारांचं भलं पाहावं, पुरवठ्याच्या साखळीतल्यांचंही. वाचून घाबरू नका, ही तत्त्वं मार्गदर्शक आहेत. नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्च करायचं बंधन २०१३ च्या कायद्यानं मोठ्या कंपन्यांवर आहे. तुमची फर्म भागीदारीची ठेवा. घरून काम करणाऱ्यांना इतर मजुरांसारखंच वागवा, असा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १७७ क्रमांकाचा करार १९९६ पासून आहे, आणि भारतानं त्यावर अजून मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही. गंमत अशी की कोविडच्या काळात पुण्यातल्या संगणकवाल्यांनी दोन वर्षं घरून काम केलं. स्वयंपाकघरात बसून, पोराला मांडीवर घेऊन. ते कंपनीचे नोकर आहेत की स्वतंत्र ठेकेदार, असा प्रश्न कुठल्या वकिलाला पडला नाही.

आरोग्याचं काही करायचं असेल तर बंडलाकडं बोट दाखवा. २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के जागेवर इशारा छापावा लागतो. तो ओढणाऱ्यासाठी आहे. दिवसाचे दहा तास तंबाखूच्या धुळीत नाक घालून बसणारीच्या सुपावर काही छापायला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आणखी एक नवी गोष्ट. २१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९६६ चा बिडी कायदा त्यांत विरून गेला. वकिलाला पुन्हा फी द्या.

शेवटचा सराव

एक दिवस बाई कागद घेऊन येईल. बिडी कामगाराचं ओळखपत्र. ते असलं की दवाखाना, पोरांची शिष्यवृत्ती, घरकुलाचा अर्ज अशा गोष्टी निघतात. कागदावर तिचं नाव आहे, गाव आहे, वय अंदाजे आहे. अंगठा आहे, पण सुतानं आणि पानांच्या कडांनी घासून घासून तो नीट उमटलेला नाही. खाली एक रकाना आहे: मालकाचं नाव व सही.

"भाऊ, इतं सही पायजे म्हनते."

"मी मालक नाही, बाई. मी नुसता मुनशी."

"मंग सट्टेदाराची घेऊ?"

"तोही मालक नाही."

"मंग कोन हाय जी?"

इथं सगळा अभ्यास पणाला लागतो. गडबडू नये. कागद घडी घालून गल्ल्याखाली ठेवावा, सोमवारी या म्हणावं, आणि तिनं आणलेल्या कट्ट्याला हात घालावा. दोन बिड्यांचं तोंड सैल असेलच.