दोन घनफूट समुद्र

आमच्या गॅलरीतून समुद्र दिसत नाही, पण पश्चिमेचा वारा सुटला की वास येतो. दादरची चौपाटी घरापासून चालत सात मिनिटांवर. असं असूनही गेल्या डिसेंबरात मी ३८० रुपये किलोने समुद्राचं मीठ विकत आणलं, बादलीत ढवळलं आणि दिवाणखान्यात दोन घनफूट समुद्र तयार केला. याला काय म्हणतात ते आई, बायको आणि कन्या या तिघींनी मला तीन वेगवेगळ्या शब्दांत सांगून झालेलं आहे. वाचकांनी तसदी घेऊ नये.

खूळ जुनं आहे. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं. मी तिथे पहिल्यांदा गेलो तो चौथीच्या सहलीत, पुरी-भाजीच्या डब्यासकट. बाकीची मुलं कासवापाशी ढकलाढकली करत होती आणि मी एका काचेसमोर उभा राहून एका पट्ट्यापट्ट्यांच्या माशाकडे बघत होतो. तो माझ्याकडे बघत होता. एवढंच. मग शिक्षण, नोकरी, लग्न, गृहकर्ज हे किरकोळ तपशील मध्ये आले. कर्जाचा शेवटचा हप्ता गेला त्या आठवड्यात मी जाहीर केलं, की आता घरात खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय येणार.

"कितीत?" बायकोने विचारलं. इतर घरांत आधी 'का?' विचारतात. आमच्याकडे त्या प्रश्नाची वेळ टळून गेली आहे.

"दहा हजारांत बसवतो," मी म्हणालो. तिने एक कोरी वही काढून पहिल्या पानावर १०,००० असं लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

कुर्ला पश्चिमेला शोभेच्या माशांची बरीच दुकानं आहेत. तिथल्या एका दुकानात मी एक फुटाची गोंडस टाकी पसंत केली. हिशेब सरळ होता: लहान टाकी, लहान खर्च. दुकानदाराने आधी टाकीकडे आणि मग माझ्याकडे बघितलं.

"साब, मीठे पानी का छोटा चलेगा. खारे का छोटा मत लो. रोज रोएगा."

कोण रोएगा, मासा की मी, हे त्याने सांगितलं नाही. ते मला घरी आल्यावर आईने समजावून दिलं. "वाटीभर आमटीत मीठ जास्त पडलं तर ती आमटी गेली. पातेलंभर असली तर सावरून घेता येते. हे विचारायला कुर्ल्याला कशाला जायला हवं होतं?" तर मुद्दा तोच. थोड्या पाण्यात खारटपणा, तापमान, माशांची घाण, सगळंच भराभर वरखाली होतं. शेवटी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी ठरली. पाणी मावतं साधारण ५५ लिटर. जाणत्यांच्या हिशेबी हीसुद्धा वाटीच. पण आमच्या कोपऱ्यातल्या कडप्प्याच्या ओट्यावर याहून मोठं पातेलं मावत नव्हतं.

मग मीठ. आईच्या बरणीत खडे मीठ आहे, तेही समुद्राचंच, ते का चालत नाही यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. मिठागरात पाणी आटताना आपलं खायचं मीठ खाली बसतं आणि मॅग्नेशियमसारखी मंडळी उरलेल्या पाण्याबरोबर निघून जातात. माशाला मात्र अख्खं कुटुंब लागतं. म्हणून तयार मिश्रण आणायचं, लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे आमच्या टाकीला जवळपास दोन किलो. शिवाय दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं, म्हणजे पुन्हा मीठ. "चौपाटीवरून दोन कळश्या आणा की," असं खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले. ज्या पाण्यात आपण पँट वर करूनसुद्धा उतरत नाही, त्यात मासा नागडा कसा राहणार, हे त्यांना पटलं नाही.

मीठ मिळालं, आता पाणी. नळाच्या पाण्यात क्लोरीन. फिल्टरचं घ्यावं तर आमच्या नव्या फिल्टरमध्ये तांब्याचं नळकांडं बसवलेलं, कारण तांब्याचं पाणी प्रकृतीला चांगलं. माणसाच्या. खाऱ्या पाण्यातली कोलंबी, गोगलगायी वगैरे बिनकण्याच्या प्राण्यांना तांबं म्हणजे विष. आईच्या देवघराशेजारच्या तांब्याच्या कळशीकडे मी तेव्हापासून जरा वेगळ्या नजरेने बघतो. शेवटी माळ्यावरचा जुना फिल्टर उतरवला, त्यात नवं मेंब्रेन टाकलं आणि निव्वळ पाणी मिळवलं. त्यात ना खनिजं, ना पुण्य.

वहीत पहिल्यांदा लाल शाई आली ती हायड्रोमीटरपायी. खारटपणा मोजायचे दोन मार्ग. एक प्लॅस्टिकची डबी, तिच्यात काटा, स्वस्त. दुसरा रिफ्रॅक्टोमीटर, दुर्बिणीचं धाकटं भावंड, महाग. मी अर्थातच डबी घेतली. काटा १.०२८ दाखवायला लागला. हवा होता १.०२५. मी गोडं पाणी घातलं. तरी १.०२८. आणखी घातलं. चौथ्या दिवशी कन्येने डबीवर टिचकी मारली. काट्याला चिकटलेले चार बुडबुडे सुटून वर आले आणि काटा धाडकन १.०१९ वर जाऊन बसला. बुडबुडे काट्याला उचलून धरत होते. मी त्यांच्या भरवशावर समुद्र पातळ करत होतो. मीठ पुन्हा घातलं आणि रिफ्रॅक्टोमीटर आणला. त्यात पाण्याचा एक थेंब टाकायचा, एक डोळा मिटायचा आणि उजेडाकडे तोंड करून बघायचं. आमच्याकडे उजेड समोरच्या इमारतीच्या बाजूने येतो. तिकडच्या काकूंनी तिसऱ्या दिवशी पडदे लावले.

स्किमर हीसुद्धा माझीच हौस. हे एक नळकांडं. त्यात बारीक बुडबुडे सोडतात, पाण्यातली प्रथिनं त्या बुडबुड्यांना चिकटतात आणि फेस होऊन वरच्या पेल्यात जमतात. मी हे सगळं शास्त्रशुद्ध समजावून सांगत असताना आई म्हणाली, "म्हणजे डाळ उकळताना पळीने फेस काढतो, तसं." तसंच. फक्त या पळीची किंमत साडेचार हजार, ती रात्रभर गुरगुरते आणि तिच्या पेल्यातल्या चहासारख्या द्रवाला सुक्या बाजाराचा वास येतो. पुढे कळलं, की एवढ्याशा टाकीत मासे कमी ठेवले आणि आठवड्याचं पाणी न चुकता बदललं, तर पळीवाचून काही अडत नाही. ती सध्या माळ्यावर आहे, जिथून फिल्टर उतरला त्या जागी.

दिव्यात मात्र मी वाचलो, आणि तेही कायद्याच्या कृपेने. नऊ हजारांचा निळा दिवा लागतो तो प्रवाळांना, आणि खडक रचणारी प्रवाळं आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. समुद्रातून तोडून आणलेला जिवंत खडक, म्हणजे जीवजंतूंची वस्ती असलेला प्रवाळाचा दगडही, त्यामुळे नकोच. दुकानदार हळूच "मिल जाएगा" म्हणाला, पण वाघ पाळण्याइतकं आमचं बजेट नव्हतं. मी सच्छिद्र सिरॅमिकचे दगड घेतले आणि सहाशेची एलईडी पट्टी. दगड विकत आणले हे वहीत लिहिताना बायकोने पेन मध्येच थांबवलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा लिहू लागली.

या दगडांवरच खरा संसार मांडायचा असतो. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो माशालाच मारतो. दगडांच्या छिद्रांत राहणारे एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट त्यातल्या त्यात सोसवतं. ही मंडळी वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर त्यांना खायला अमोनिया हवा. त्यासाठी बाटलीतून अमोनिया मिळतो. किंवा टाकीत एक कोलंबी टाकून सडू द्यायची. वहीची अवस्था बघता मी कोलंबीकडे वळलो.

सिटीलाइटच्या मार्केटात आमची ठरलेली कोळीण मावशी आहे.

"मावशी, एक कोलंबी द्या."

"एक किलो?"

"नाही, एक."

"एक वाटा?"

"एक... म्हणजे एकच. नग."

मावशीने कोयत्यावरची नजर काढून माझ्याकडे बघितलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "घरी भांडण झालंय काय?"

मी टाकीचं सांगितलं. "जिवंत नाय ऱ्हाणार ती. मेलेली हाय," मावशी म्हणाली. मी म्हटलं, मेलेलीच हवी, सडवायची आहे. यावर शेजारच्या दोन पाट्यांवरचा व्यवहार थांबला. "ताजी कोलंबी सडवायला नेतोय ह्यो!" ही बातमी आमच्या डोळ्यांदेखत बोंबलांच्या ओळीपर्यंत पोहोचली. मावशीने माझ्या हातातली कोलंबी काढून घेतली, पाटीच्या तळाशी हात घालून दुसरी काढली आणि म्हणाली, "सडवायचीच हाय तर ही ने. कालची हाय." माल कालचा आहे असं कोळणीने गिऱ्हाइकाला आपणहून सांगितल्याचा त्या मार्केटातला तो पहिलाच प्रसंग असावा. पैसे घेतले नाहीत. वहीतली तेवढी एकच नोंद शून्य रुपयांची आहे.

पुढचा दीड महिना आमच्या दिवाणखान्यात पाणी, दगड, लाटा करणारा पंप आणि मोज्याच्या तुकड्यात बांधलेली एक कोलंबी एवढंच होतं. येणारे पाहुणे वाकून बघत. "हा कुठला मासा?" एक मेहुणे म्हणाले, "झोपलाय वाटतं." त्यांना मी नायट्रोजनचं चक्र समजावून सांगितलं. ते आता आधी फोन करून, मी घरी नाही याची खात्री करून मग येतात.

या काळात रोज पाणी तपासायचं. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे आणि आलेला रंग कागदावरच्या पट्टीशी ताडायचा. पिवळा आला तर अमोनिया नाही, हिरवा आला तर आहे. ट्यूबलाइटखाली मला सगळेच पिवळे हिरवे आणि सगळेच हिरवे पिवळे दिसत. आठवडाभर माझे आकडे मनाला येतील तसे चालले होते. एका संध्याकाळी बायको जाता जाता नळीकडे बघून म्हणाली, "हा पोपटी कुठला? हा लिंबू आहे. पोपटी काल होता." ती साडीवर ब्लाउजपीस मॅच करायला दादरची अकरा दुकानं पालथी घालते आणि बाराव्यात 'अर्धी छटा गडद आहे' म्हणून उठते. त्या डोळ्यांपुढे छापील पट्टी काय टिकणार? तेव्हापासून प्रयोगशाळा तिच्याकडे गेली. नायट्राइटचा निळा-जांभळा ती 'जांभूळ', 'वांगी' आणि 'इंग्रजी वांगी' अशा तीन पायऱ्यांत सांगते. बेचाळिसाव्या दिवशी तिने निकाल दिला: अमोनिया लिंबू, नायट्राइट आकाशी. आणता येतील मासे.

आणले. दोन क्लाउनफिश, समुद्रातून पकडलेले नव्हेत, टाकीतच जन्मलेले. हल्ली त्यांची पैदास आपल्याकडे होते, ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातसुद्धा. जोडी १,२०० रुपयांना पडली. वहीत तोवर २३,४०० झाले होते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला या म्हणीत गुणोत्तर एकास तीनचं आहे. आमचं एकास वीसच्या जवळ गेलं. म्हण करणाऱ्याने कोंबडीवरच थांबून शहाणपणा केला.

हे मासे जन्मतात तेव्हा सगळे नर असतात. जोडीतला जो मोठा आणि दांडगा, तो पुढे मादी होतो. कन्येने हे जेवताना वाचून दाखवलं. आई आमटी वाढता वाढता म्हणाली, "म्हणजे घर चालवायची वेळ आली की बाई व्हावं लागतं." दिवाणखान्यात पंप चालल्याचा आवाज तेवढा येत होता.

एप्रिलमध्ये पाणी ३१ अंशांवर गेलं. माशांना २७च्या वर नको असतं. परदेशी पुस्तकांत हीटर कुठला घ्यावा यावर प्रकरणं आहेत. मुंबईकराला ती परीकथेसारखी वाचता येतात. आपल्याला लागतो चिलर. त्याची किंमत उरलेल्या अख्ख्या मत्स्यालयाहून जास्त, आणि तो पाण्यातली उष्णता काढून खोलीतच फेकतो, म्हणजे मग आपल्यासाठी एसी. कन्येने अडगळीतल्या कॉम्प्युटरचा पंखा काढला, मोबाइलच्या जुन्या चार्जरसारखा एक १२ व्होल्टचा अडॅप्टर जोडला आणि पाण्यावर तिरका वारा लावून दिला. वायरीला जमिनीकडे झोळ दिला, म्हणजे थेंब ओघळला तर झोळात गळतो, बोर्डापर्यंत पोहोचत नाही. मिठाची पांढरी पपडी तरी दर आठवड्याला वायरीवर चढतेच. आई ती ओल्या फडक्याने पुसते आणि फडकं हुंगून बघते. दोन दिवसांत पाणी अडीच अंशांनी उतरलं.

पण वाऱ्याने पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. रोज लिटरभर गोडं पाणी घालावं लागतं, बरोबर जिथून उतरलं तिथपर्यंत. ते आपोआप घालणारं यंत्र मिळतं. मी त्याची किंमत विचारून आलो, तर टाकीच्या काचेवर एक लाल टिकली लावलेली. बायकोने आपल्या कपाळावरची काढून तिथे चिकटवली होती, पाण्याच्या रेषेला अगदी लागून. "इथपर्यंत भरायचं. यंत्र नको."

मे महिन्यात मी दोन दिवस कामासाठी नाशिकला होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मीटिंग ऐन रंगात आलेली असताना फोन थरथरला. बायकोचा मेसेज होता: 'समुद्र टिकलीच्या बोटभर खाली गेलाय. बादलीतलं ओतलं. येताना दूध आण.'