बावनकशी बल्ब

सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी भागातील गलाईवाला, म्हणजे सराफ पेठांतील मोडीचे सोने-चांदी वितळवून त्यातले हीण वेगळे काढणारा कारागीर, दुष्काळाने गाव सोडायला लावल्यापासून देशातल्या बहुतेक मोठ्या बाजारपेठांत जाऊन बसला आहे. जयपुरात जोहरी बाजाराच्या आसपास स्थिरावलेल्या या वर्गाचा एक उपप्रकार असा आहे की, तो मोटारीच्या पुढच्या दिव्याचा बल्बही कसाला लावल्याखेरीज घेत नाही. त्यास सोयीसाठी 'दिवापारखी' म्हणावे. ज्याचा चरितार्थच समोरच्याच्या मालावर अविश्वास दाखवण्यावर चालतो, त्याला संध्याकाळी भट्टी विझवल्यावर तो अविश्वास खुंटीला टांगता येत नाही, एवढीच या उपप्रकाराची उत्पत्ती होय.

दिव्याची गरज त्याला गावाकडच्या वाटेमुळे पडते. दिल्लीहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 48 जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे आणि सातारा करीत थेट कराडला पोचतो आणि तेथून त्याच्या भागातले विटे चाळीसेक किलोमीटरवर राहते. म्हणजे दुकानाच्या दारातून निघालेला हा माणूस जवळजवळ एकाच रस्त्याने गावच्या जत्रेला जाऊ शकतो, आणि दिवस दुकानात घालवायचा असल्याने तो रात्रीच निघतो. निघण्याच्या आदल्या दिवशी त्याला बल्ब आठवतो आणि पुतण्याला सोबत घेऊन तो मिर्झा इस्माईल रोडवरील, म्हणजे जयपूरकरांच्या एमआय रोडवरील, स्पेअर पार्टच्या दुकानाची पायरी चढतो.

त्याला हवा असतो तो एच-4 जातीचा हॅलोजन बल्ब. या एकाच काचेत दोन तारा असतात, लांबच्या झोतासाठी 60 वॅटची आणि जवळच्या झोतासाठी 55 वॅटची. जवळच्या तारेखाली पळीच्या आकाराचा एक बारीक धातूचा आडोसा असतो, जो खाली जाणारा प्रकाश अडवून समोरून येणाऱ्याचे डोळे वाचवतो. दुकानदार काउंटरवर तीन खोकी मांडतो, 'ओरिजिनल', 'फर्स्ट कॉपी' आणि 'चालू', आणि इथपर्यंतचा व्यवहार प्रामाणिकच म्हणावा लागेल. घोळ होतो तो दुसऱ्या खोक्यातला माल पहिल्या खोक्यात गेल्यावर.

आता दिवापारखी खिशातून गुलाबी कागदाची पुडी काढतो. सराफ सोने ज्या कागदात बांधतात त्याच कागदात त्याने गाडीबरोबर आलेला, दोन वर्षांपूर्वी उडालेला, अस्सल बल्ब जपून ठेवलेला असतो. ज्या काळ्या दगडावर सोन्याची रेघ ओढून कस ताडून पाहतात त्या कसोटीचे काम येथे हा मेलेला बल्ब करतो. डोळ्याला भिंग लावून तो दोन्ही बल्ब शेजारी धरतो. अस्सलाच्या पितळी बैठकीवरील अक्षरे रेखीव कोरलेली, नकलीची शाई उतरल्यासारखी पुसट; अस्सलाच्या टोकाचा काळा रंग टोपीसारखा एका रेषेत संपलेला, नकलीचा घाईत काजळ घातल्यासारखा ओघळलेला; अस्सलाची तार सरळ, नकलीची आडोशाशी तिरकी. ही तार जरा जागा चुकली तरी परावर्तकात तिचा नेम चुकतो आणि प्रकाश रस्ता सोडून झाडांच्या शेंड्यांवर पडतो, म्हणून त्याचे हे निरीक्षण हास्यास्पद वाटले तरी निराधार नाही. पुढे तो सोने तोलण्याचा छोटा काटाही काढतो, कारण खोट्या मालात धातू पातळ वापरतात असा त्याचा सिद्धान्त आहे. दुकानदाराचे बोट काचेकडे वळताच मात्र तो ओरडतो. हॅलोजनची काच क्वार्ट्झची असून बोटाचा तेलकट डाग तापल्यावर तिथेच ती कमकुवत होते, हे त्याला ठाऊक असते.

"तात्या, आवरा की आता, दुकान मिटायला लागलंय," पुतण्या म्हणतो.

"अरं थांब. घाईत घेतलेलं सोनं आन् बल्ब, दोन्ही काळं पडत्यात."

'6000 केल्विन, सुपर व्हाइट' असे छापलेल्या निळसर हॅलोजन बल्बांपुढे त्याची खरी करमणूक होते. केल्विन हे येथे प्रकाशाचा रंग सांगणारे तापमानाचे माप असून सूर्याचा पृष्ठभाग 5800 केल्विनच्या आसपास असतो, तर बल्बमधील टंगस्टनची तार 3700 केल्विनच्या आतच वितळते. धातू वितळवण्यात हयात गेलेल्या माणसाला सूर्याहून तापलेली तार खोक्यात मिळते असे सांगणे हे दुकानदाराचे दुर्दैव. तो निळेपणा काचेवरच्या रंगाचा असतो आणि तो रंग उजेड वाढवत नसून थोडा गिळतो. खऱ्या हॅलोजनचा उजेड पिवळटच, आणि सोन्याहून पिवळे या शब्दप्रयोगाला असा तांत्रिक आधार मिळाल्याचे त्याला विशेष समाधान आहे. 100/90 वॅटच्या बल्बकडे तो पाहतही नाही, कारण जास्त वीज ओढून तो होल्डर वितळवतो आणि वितळवण्याचे काम तो फक्त मजुरी घेऊन करतो.

चुकतो तो एकाच ठिकाणी. बैठकीवर वर्तुळात रोमन 'ई' आणि एक आकडा असतो. 1 म्हणजे जर्मनी, 2 म्हणजे फ्रान्स, 4 म्हणजे नेदरलँड्स. हा आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा असतो, बनवणाऱ्या देशाचा नव्हे, पण खोक्यावर चीन आणि बल्बवर जर्मनी दिसताच तो विजयी मुद्रेने अस्सल बल्ब परत करतो. खोटे ओळखण्याची सवय जडलेल्याला खरे ओळखण्याचा सराव राहत नाही. मग तो 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्याची आठवण देतो, ज्यात खोटे चिन्ह लावलेला माल विकल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. दुकानदार शांतपणे म्हणतो, "सेठजी, बल्ब की गारंटी नहीं होती," आणि हे वाक्य मात्र नेहमीच अस्सल असते.

अखेर रात्री घेतलेला बल्ब बसवून गाडी जुन्या शहरातल्या एका गुलाबी भिंतीसमोर उभी केली जाते. जवळच्या झोताची वरची कड सरळ येऊन डावीकडे चढत गेली तर बल्ब खरा, कारण डाव्या बाजूने चालणाऱ्या देशात कडेचा पादचारी दिसावा म्हणून ती तशी चढवलेली असते. भिंतीवर कड उमटतच नाही. दुकानदाराला शिव्या देत दुसरा, तिसरा बल्ब लावून पाहिला जातो, पण तिन्ही बल्ब अस्सल असतात. राजस्थानच्या उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीच्या दिव्यावरील पॉलिकार्बोनेटचे आवरण चार उन्हाळ्यांत पिवळे आणि धुरकट झालेले असते, आणि त्यावरून आजवर कोणी फडकेही फिरवलेले नसते.