गोरेगावचं दरपत्रक

राज्याच्या वित्त विभागाला एक नम्र सूचना. सल्लागार नेमायचेच असतील तर मुंबईच्या काचेच्या इमारतींत कशाला शोधता? हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावला माणूस पाठवा. तिथल्या दहा शेतकऱ्यांनी नोव्हेंबर 2023 मध्ये असा ताळेबंद मांडला, की मंत्रालयात त्याच्या तोडीचा कागद सापडायचा नाही. पीक गेलेलं, कर्ज थकलेलं. त्यांनी थेट मुख्यमंत्र्यांना लिहिलं, की आमचे अवयव विकत घ्या. भावही कळवले: यकृत 90 हजार, मूत्रपिंड 75 हजार, डोळे 25 हजार.

कागद नीट बघा. देणं किती, जवळ विकण्याजोगं काय आणि कोणत्या भावाने, सगळं उघड. मध्ये शेरोशायरी नाही, थोर पुरुषांना वंदन नाही, बाकं वाजवणारं कुणी नाही. मूत्रपिंडं दोन असतात, यकृत कापलं तरी पुन्हा वाढतं. हृदयाचा भाव मात्र बातम्यांत कुठे आला नाही. अडचण आली की आधी काय जाऊ द्यायचं आणि काय शेवटपर्यंत राखायचं, हे त्यांना कुठल्या वित्त आयोगाने शिकवलं नव्हतं.

खरं तर ही वेळ यायलाच नको होती. दोनच महिने आधी, 16 सप्टेंबरला, छत्रपती संभाजीनगरात अख्खं मंत्रिमंडळ बसलं होतं आणि मराठवाड्याला 45 हजार कोटींहून मोठं पॅकेज मिळालं होतं. गोरेगावकरांचं चुकलं एवढंच, की ते पैसे त्यांनी पासबुकात शोधले. असे पैसे पहिल्या पानावर येतात आणि तिथेच राहतात.

आता राज्याचा कागद. 10 मार्च 2025 ला मांडलेला अर्थसंकल्प 7 लाख 20 कोटींचा. महसुली तूट 45 हजार 891 कोटी, राजकोषीय तूट 1 लाख 36 हजार कोटींच्या वर आणि डोक्यावरचं कर्ज 9 लाख 32 हजार कोटींवर जाणार. घाबरू नका, तूट 3 टक्क्यांच्या मर्यादेच्या आत आहे. मार्चमध्ये ही मर्यादा मोजली आणि जूनअखेर 57 हजार 510 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. लग्नाचा खर्च मांडवात ठरवावा आणि वऱ्हाड जेवायला बसल्यावर वाण्याकडे उधारीला पळावं, त्यातला हा प्रकार.

आणि राखलं काय, सोडलं काय? सणाला 100 रुपयांत मिळणारा ‘आनंदाचा शिधा’ 2025 च्या दिवाळीत आलाच नाही. सामाजिक न्यायाचे 410 कोटी आणि आदिवासी विकासाचे 335 कोटी ‘लाडकी बहीण’कडे वळले, तेव्हा सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट स्वतःच म्हणाले, की गरज नसेल तर खातंच बंद करा. मंत्र्याने एवढी स्पष्ट सूचना करावी आणि तीही निधीअभावी अमलात येऊ नये, हे वाईटच.

लाडक्या बहिणीला मात्र आम्ही बोल लावणार नाही. खुरपणीची मजुरी रोज मिळेलच असं नसतं, तिथे महिन्याचे 1500 मोठे असतात. 2100 कबूल केले होते, ते तिनेच उदार मनाने माफ केले असावेत. यादीत 14 हजारांवर बहिणी पुरुष निघाल्या, तोही तिचा दोष नाही. पण गावच्या उपकेंद्रात औषध नसलं, की हेच 1500 घेऊन ती तालुक्याच्या खासगी दवाखान्यात जाते. सलाईन, रक्त-लघवी तपासणी, जीपचं भाडं, की हिशेब पूर्ण. सरकारने बहिणीला दिले, बहिणीने डॉक्टरला दिले. उपकेंद्राचा खर्च मात्र वाचला.

हिंगोलीला काहीच मिळत नाही असंही नाही. 9 ऑक्टोबर 2024 ला पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीवरून दहा वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन केलं, त्यात आमचंही होतं. फीत कापायला एक दिवस पुरतो. परिचारिकेचा पगार दर महिन्याला काढावा लागतो आणि त्याचा फोटो येत नाही. म्हणून तुटीची कात्री नेमकी तिथेच फिरते.

रस्त्यांना ती कात्री लागत नाही. नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्ग 2025 च्या आराखड्यात 802 किलोमीटरचा, खर्च अंदाजे 86 हजार 300 कोटी. 24 जून 2025 ला मंत्रिमंडळाने भूसंपादनासाठी 20 हजार कोटी मंजूर केले, त्यातले 12 हजार कोटी हुडकोच्या कर्जातून. वित्त विभागाने बोजा वाढेल असं लिहून ठेवलं होतं, ते फाईलला शोभा म्हणून राहिलं. त्या आराखड्यातल्या 12 जिल्ह्यांच्या यादीत हिंगोलीही होता. आमच्या हळदीच्या रानातून रस्ता नको म्हणून शेतकरी भांडतायत. रस्ता देवस्थानं जोडण्यासाठी म्हणतात, पण औंढ्याच्या नागनाथाने असा रस्ता मागितल्याचं आमच्या तरी ऐकिवात नाही.

गंमत सिबिलची. गोरेगावच्या माणसाने पीककर्ज मागितलं की त्याचं सिबिल निघतं. 9 लाख कोटींच्या कर्जदाराला रस्त्यासाठी 12 हजार कोटी आणखी मिळतात. कर्जदारानेही मोठंच असावं, लहान असू नये.

राहिली कर्जमाफी. निवडणुकीत ती जाहीर झाली, मग पैशाचं सोंग आणता येत नाही हे ऐकायला मिळालं, मग समिती नेमली आणि 30 जून 2026 पर्यंत निर्णय घेऊ असं ठरलं. तारीख काढणाऱ्याने नक्षत्रं पाहिली नसावीत. मृगाचा पाऊस वेळेवर आला तर 30 जूनला हिंगोलीत सोयाबीन उगवून वर आलेलं असतं. म्हणजे बियाणं घेतलेलं असतं, खत उचललेलं असतं, आणि कृषी केंद्रवाल्याच्या वहीत नवा आकडा चढलेला असतो. ही वही कुठल्याच माफीत बसत नाही, कारण तिला ना सिबिल आहे, ना समिती.