जुन्या गाडीची कैफियत

श्टुटगार्ट

तीर्थरूप आप्पांचे सेवेसी,

"एवढा पैसा मोजून जुनाट गाडी कशास घेतलीस?" हा निपाणीहून आलेला आपला सवाल, आणि "नवी कधी घेणार?" ही आपल्या सूनबाईंची नित्याची फिर्याद, या दोहोंचे उत्तर एकाच कैफियतीत द्यावे, या हेतूने हे पत्र लिहीत आहे.

आमची गाडी म्हणजे 1972 च्या मॉडेलची पोर्शे 911. वाऱ्याने थंड होणारे 2.4 लिटरचे इंजिन पाठीमागे आणि अश्वशक्ती अवघी 130. तिचे दुर्मिळत्व वेगात नसून उजव्या दारामागच्या एका लहानशा झाकणात आहे. कारखान्याने त्या एकाच वर्षी तेलाची टाकी मागल्या चाकाच्या पुढे आणून तिचे तोंड बाहेर काढले. परंतु पंपावरच्या नोकरांनी त्यात पेट्रोल ओतण्याचा असा सपाटा लावला म्हणतात, की पुढल्याच वर्षी ती योजना रद्दबातल झाली. जी उघडउघड गफलत होती, तिलाच आज शौकीन मंडळी वैशिष्ट्य म्हणून वंदन करतात, आणि त्या वंदनाची किंमत माझ्यासारख्याकडून वसूल होते.

तेल पाहण्याचा विधीही असाधारण आहे. इंजिन पुरते तापलेले व सुरू असताना, गाडी सपाट जमिनीवर उभी करून पट्टी पाहावी लागते. थंड इंजिनातली पट्टी खोटी साक्ष देते. नव्या 911 ला पट्टीच नाही, पडद्यावर आकडा उमटतो. तिची अश्वशक्ती आमच्या गाडीच्या जवळपास तिप्पट आणि सव्वाचार सेकंदांच्या आत शून्यावरून शंभराचा वेग! परंतु येथील सायंकाळच्या कोंडीत तो सारा पराक्रम, गळीत हंगामात तवंदी घाटात उसाच्या ट्रॉलीमागे अडकलेल्या बड्या असामीप्रमाणे, निमूट उभा असतो. आमची गाडी मात्र साठाच्या वेगालाच एवढी गर्जते, की शौर्य गाजवल्याचे समाधान कायद्याच्या हद्दीतच पदरी पडते.

येथील सरकारही तीस वर्षांवरील, मूळ स्वरूपात जतन केलेल्या वाहनास ऐतिहासिक ठरवून 'एच' अक्षराची पाटी देते आणि वर्षाकाठी सुमारे 192 युरो ठोक कर घेते. हा दाखला मी घरात सादर केला. प्रतिपक्षाने हीटरमधून येणारा तेलाचा वास, एअरबॅगचा अभाव आणि मागल्या आसनांवर घडी होऊन बसलेली दोन्ही मुले हे पुरावे रुजू केले. फैसला तहकूब आहे. सीमाभागात वाढल्यामुळे मला तहकुबीची सवय आहे. सूनबाई पुण्याच्या, त्यांना निकालाची घाई.

एक विनंती. तेलाच्या त्या झाकणाची बिजागरी झिजली असून येथील दर सांगण्याजोगा नाही. बेळगावास जाणे झाल्यास उद्यमबागेतील एखाद्या चांगल्या कारागिराकडून तशीच करवून घ्यावी; मापांसह नकाशा सोबत जोडला आहे. पार्सल माझ्या कचेरीच्या पत्त्यावर पाठवावे आणि त्यात बिजागरी खाली व कुंद्याचा डबा वर ठेवावा, म्हणजे चुकून ते घरी पोहोचलेच, तर झडती कुंद्यापाशीच थांबेल.

ती. आईस साष्टांग नमस्कार. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक पुत्र